पूल, रस्ता आणि शाळा : मोस्तार नगरीची एक हकीकत



शाळेच्या स्मृतिव्याख्यानात बोलावयाचे तर विषयाचा शाळेशी काही संबंध असावा, असे मला वाटते. म्हणून आज मी आपणांस बडोद्यापासून पुष्कळ दूर, बोस्निया-हर्झेगोविना देशातील मोस्तार या गावी नेणार आहे. तेथील दगडी पुलाची कीर्ती आपणांपैकी अनेकांच्या कानी असेल. त्याचे छायाचित्रही पाहण्यात आले असेल. मला मात्र त्या गावातील एका शाळेच्या इमारतीविषयी अधिक सांगावयाचे आहे. दुभंगलेले गाव सांधण्याच्या कामी वास्तूचा उपयोग होतो काय, आणि झालाच तर किती, हा प्रश्न पुलापाशी झाकून जातो. शाळेपाशी तो उघडा पडतो. तथापि पुलाला वगळून शाळेपर्यंत पोहोचता येत नाही. तेव्हा आरंभ पुलापासूनच करतो.

मोस्तार नेरेत्वा नदीच्या दोन्ही तीरांवर वसले आहे. नदी डोंगरातून येते. पाणी हिरवे, थंड आणि वेगवान. गावाचे नावच मुळी पुलावरून पडले; 'मोस्तारी' म्हणजे पूल राखणारे. पूर्वी येथे साखळ्यांवर टांगलेला लाकडी पूल होता आणि तो पार करताना भल्याभल्यांची छाती धडधडे. गावकऱ्यांनी पक्क्या पुलाची मागणी केली, सुलतान सुलेमान यांच्या आज्ञेने काम सुरू झाले आणि १५६६ मध्ये पूल उभा राहिला. बांधणाऱ्याचे नाव मिमार हैरुद्दीन. तो थोर तुर्की स्थपती सिनान याच्या परंपरेतला. 'मिमार' म्हणजे बांधकाम करणारा. आपल्याकडे उर्दू जाणणाऱ्यांना 'मेमार' हा शब्द परिचयाचा असेल. नदीत एकही खांब न रोवता सुमारे २९ मीटर रुंदीची एकच कमान त्याने पाण्यापासून वीसेक मीटर उंचीवर तोलून धरली. दगड जवळच्याच खाणीतला, फिकट रंगाचा. त्याचे स्थानिक नाव 'तेनेलिया'. चिरे एकमेकांत लोखंडी आकड्यांनी अडकवून वर शिशाचा रस ओतला होता. दंतकथा अशी आहे की, पूल कोसळला तर शिरच्छेद होईल अशी तंबी असल्याने आधाराचे लाकूड काढण्याच्या दिवशी हैरुद्दीनाने स्वतःची कबर खणून ठेवली होती. अशा कथा प्रत्येक जुन्या बांधकामाला चिकटतात. आपल्याकडील किल्ल्यांच्या बुरुजांना त्या काही कमी नाहीत. खरे एवढेच की, पूल चारशे सत्तावीस वर्षे टिकला.

या गावात कोण राहत होते? १९९१ च्या शिरगणतीप्रमाणे मुसलमान, ज्यांना आता बोस्नियाक म्हणतात, ते एक तृतीयांशाच्या किंचित वर. कॅथलिक क्रोआट जवळजवळ तितकेच. ऑर्थोडॉक्स पंथाचे सर्ब एक पंचमांशाच्या आतबाहेर. आणि दर दहांत एकाने आपली जात 'युगोस्लाव्ह' अशी लिहविली होती. ही शेवटची नोंद मला विशेष महत्त्वाची वाटते. मिश्र विवाहांतून आलेली, किंवा कोणत्याच एका गटात स्वतःला मोजू न इच्छिणारी ही माणसे होती. भाषेचे म्हणाल तर तिघांनाही एकमेकांशी बोलावयास दुभाषा लागत नाही. वऱ्हाडातला माणूस कोल्हापुरात जितका अडखळेल तितकाही मोस्तारचा क्रोआट बोस्नियाकाच्या घरी अडखळणार नाही.

१९९२ च्या वसंतात युगोस्लाव्ह सैन्याच्या आणि सर्ब दलांच्या तोफा गावावर चालू झाल्या. तेव्हा क्रोआट आणि बोस्नियाक खांद्याला खांदा लावून लढले. सर्ब रहिवाशांपैकी बहुतेकांनी गाव सोडले. पण ९ मे १९९३ रोजी हेच दोन मित्र एकमेकांवर उलटले. पश्चिम भागातील हजारो बोस्नियाकांना घरांतून काढण्यात आले. कित्येकांना छावण्यांत डांबले, कित्येकांना पूर्वेकडे हाकलले. पूर्व मोस्तार महिनोन्महिने वेढ्यात राहिले. ९ नोव्हेंबर १९९३ च्या सकाळी क्रोआट रणगाड्याच्या माऱ्याखाली हैरुद्दीनाचा पूल नेरेत्वेत कोसळला. मार्च १९९४ मध्ये वॉशिंग्टन येथे या दोन पक्षांचा समझोता झाला. पूल पाडणे हा गुन्हा की युद्धातील वैध कृती, यावर हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणात पुढे बराच खल झाला. २०१३ च्या निकालात पुलाच्या नाशाबद्दल दोष धरला गेला. २०१७ मध्ये अपील पीठाने, पूल लष्करी उपयोगाचा होता या कारणास्तव, तेवढ्यापुरता दोष बहुमताने काढून घेतला. इतर गंभीर गुन्ह्यांच्या शिक्षा मात्र कायम राहिल्या. कायद्याच्या तराजूत एक दगडी पूल कसा तोलावा, हे न्यायाधीशांनाही सोपे गेले नाही.

येथे मला एका गैरसमजाकडे लक्ष वेधावयाचे आहे. जगभर असे लिहिले गेले की, पुलाच्या एका तीरावर बोस्नियाक आणि दुसऱ्या तीरावर क्रोआट राहत, पूल पडल्याने ते तुटले आणि पूल उभारल्याने जुळले. कल्पना सुंदर आहे, परंतु नकाशा उघडला की ती टिकत नाही. युद्धातील सीमारेषा नदीवरून गेलीच नव्हती. ती नदीच्या पश्चिमेस, तिला साधारण समांतर जाणाऱ्या 'बुलेव्हार' नावाच्या रुंद रस्त्यावरून गेली होती. पुलाच्या पश्चिम टोकाकडील चिंचोळी पट्टीही बोस्नियाकांच्याच हाती होती. म्हणूनच पूल ही त्यांची जीवनवाहिनी होती आणि म्हणूनच तो पाडला गेला. पुलाने बोस्नियाक वस्तीचे दोन तुकडे जोडले होते. गाव जेथे दुभंगले तेथे नदी नव्हती, एक रस्ता होता.

पुलाच्या पुनर्बांधणीचे काम मात्र थोर म्हटले पाहिजे. हंगेरीच्या सैन्यातील पाणबुड्यांनी १९९७ मध्ये नदीच्या तळातून जुने चिरे वर काढले. ते बहुतेक पुन्हा वापरण्याजोगे राहिले नव्हते, म्हणून त्याच जातीचा दगड खाणीतून काढून हाताने घडविला गेला. युनेस्को, जागतिक बँक, आगा खान न्यास, वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड आणि तुर्कस्तान, इटली, नेदरलँड्स, क्रोएशिया या देशांचे साहाय्य झाले. २३ जुलै २००४ रोजी नवा 'जुना पूल' खुला झाला आणि पुढल्या वर्षी तो परिसर जागतिक वारशाच्या यादीत गेला. तरुण पोरे पुन्हा कमानीवरून नदीत उड्या मारू लागली. प्रवाशांची रीघ लागली. जुन्या बाजाराचे पुनरुज्जीवन झाले, हा लाभ लहान नव्हे. पण क्रोआट वस्तीतल्या मुलाला आपल्या रोजच्या वाटेवर तो पूल ओलांडण्याचे कारण पूर्वीही फारसे नव्हते, आणि आता तर नव्हतेच.

बुलेव्हारची अवस्था निराळी होती. दोन्ही बाजूंच्या इमारती गोळ्यांनी चाळणी झालेल्या, छपरे उडालेली, आत झाडे उगवलेली. गावात सारेच दोन-दोन झाले : दोन विद्यापीठे, दोन बसस्थानके, दोन रुग्णालये. जुलै १९९४ मध्ये युरोपीय संघाने गावाचा कारभार हाती घेतला आणि ब्रेमेनचे माजी महापौर हान्स कोश्निक यांना प्रशासक नेमले. गावाच्या मध्यभागी दोघांचाही असा मोठा सामायिक पट्टा असावा, असा निर्णय त्यांनी फेब्रुवारी १९९६ मध्ये जाहीर केला. क्रोआट जमावाने त्यांची मोटार घेरली. ते थोडक्यात बचावले. नंतर तो पट्टा पुष्कळ आक्रसला, आणि कोश्निक यांनी त्याच वर्षी पद सोडले. गावाचे सहा नगरविभाग झाले, तिकडे तीन आणि इकडे तीन. २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय उच्च प्रतिनिधी पॅडी अ‍ॅशडाउन यांनी आपल्या अधिकारात सहांची एक नगरपालिका केली. पण निवडणुकीच्या नियमांवरून तंटा इतका माजला की, २००८ नंतर स्थानिक निवडणूकच झाली नाही. मोस्तारच्या इर्मा बारालिया यांनी स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात दाद मागितली, २०१९ मध्ये त्या जिंकल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये, बारा वर्षांनी, मतपेट्या उघडल्या.

याच बुलेव्हारच्या कडेला, ज्याला आता 'स्पॅनिश चौक' म्हणतात तेथे, आपल्या कथेतील शाळा उभी आहे. तिला 'गिमनाझिया' म्हणतात. मध्य युरोपातील जुन्या परंपरेप्रमाणे विद्यापीठपूर्व शिक्षणाची ती शाळा. बोस्निया १८७८ मध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या ताब्यात गेला, त्यानंतर दोन तपांत तिची पायाभरणी झाली आणि १९०२ मध्ये इमारत पुरी झाली. स्थपती फ्रान्तिशेक ब्लाझेक. इमारतीवर नालाच्या आकाराच्या कमानी आहेत, भिंतींवर आडवे रंगीत पट्टे आहेत, भौमितिक नक्षी आहे. पाहणाऱ्यास स्पेनमधील मूर राजांच्या महालांची आठवण व्हावी. व्हिएन्नाच्या सरकारने मोस्तारमध्ये ग्रानाडा का आणावे? याचे उत्तर राजकारणात आहे. १८८२ ते १९०३ या काळात बोस्नियाचा कारभार पाहणारे बेन्यामिन काल्लाइ यांचे धोरण असे होते की, सर्ब आणि क्रोआट राष्ट्रवादाला शह देण्यासाठी 'बोस्नियन' ही एक सामायिक अस्मिता घडवावी. तिला साजेसा पेहराव म्हणून ही शैली सरकारी इमारतींना चढविण्यात आली. सारायेव्होचे नगरभवन त्याच घाटाचे. पुढे ते राष्ट्रीय ग्रंथालय झाले आणि ऑगस्ट १९९२ मध्ये लाखो ग्रंथांसह जळाले.

बडोदेकरांना हा प्रकार अपरिचित वाटू नये. बडोदे कॉलेजचा प्रचंड घुमट रॉबर्ट चिझम यांनी रचला तो त्याच काळात, आणि लक्ष्मीविलास राजवाड्यावर निरनिराळ्या परंपरांची जी गुंफण आहे तीही तेव्हाचीच. परक्या स्थपतीने स्थानिक मानलेला पेहराव इमारतीला चढवावयाचा आणि त्यातून आपलेपणाचा भास निर्माण करावयाचा, ही त्या युगाची रीत होती. काल्लाइ यांचा हेतू फसला. पण पेहरावाखाली जे होते ते टिकले : वर्ग, फळा आणि एकच प्रवेशद्वार. त्या दारातून तिन्ही समाजांची मुले आत जाऊ लागली. पुढे शाळेला आलेक्सा शांतिच या मोस्तारच्या कवीचे नाव मिळाले. हा कवी सर्ब; त्याची सर्वांत लोकप्रिय कविता एमिना नावाच्या मुसलमान मुलीवर आहे, आणि ती गाणे होऊन तिन्ही समाजांच्या तोंडी बसली. शाळेला त्याचे नाव देणाऱ्यांनी काही फार विचार केला होता की नाही, देव जाणे. पण नाव शोभून दिसले.

युद्धात इमारत थेट सीमारेषेवर आली आणि तिचा सांगाडा उरला. जे शिक्षक-विद्यार्थी एका दारातून येत ते दोन शाळांत, दोन तीरांवर विखुरले. युद्धोत्तर काळात तिच्या काही भागाची डागडुजी झाली आणि क्रोआट अभ्यासक्रमाची शाळा तेथे भरू लागली; बोस्नियाक मुले दुसरीकडे शिकत होती. आंतरराष्ट्रीय संस्थांनी, विशेषतः युरोपातील सुरक्षा व सहकार्य संघटनेने, इमारतीच्या उर्वरित दुरुस्तीसाठी खटपट केली आणि सोबत एक अट घातली : दोन्ही शाळांनी एक व्हावे. २००४ मध्ये ते झाले. एक मुख्याध्यापक, एक प्रशासन, एक छप्पर. जुलैत पूल खुला झाला आणि त्याच वर्षी शाळाही एक झाली. जगाच्या वर्तमानपत्रांनी पुलाची छायाचित्रे छापली.

मात्र एक म्हणजे किती एक, हे पाहिले पाहिजे. अभ्यासक्रम दोनच राहिले. क्रोआट मुलांचा वर्ग वेगळा, बोस्नियाक मुलांचा वेगळा. भाषा, इतिहास, भूगोल आणि धर्मशिक्षण या विषयांना तेथे 'राष्ट्रीय विषय' म्हणतात. ते प्रत्येकाचे आपापले. संगणकाची प्रयोगशाळा, विद्यार्थी मंडळ, खेळ एवढे सामायिक. म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच तासाला एकाच युद्धाचा इतिहास शिकविला जातो, आणि तो दोन तऱ्हांनी. मी इतिहासाचा अभ्यासक आहे. मला यातील ही गोष्ट सर्वांत जड वाटते. भिंत जुनी, भक्कम, १९०२ ची. तिला पाडण्याचे काम स्थपतीचे नव्हे. ते वेळापत्रक आखणाऱ्याचे आहे.

आझ्रा ह्रोमाझिच या मानववंशशास्त्रज्ञ विदुषीने या शाळेत दीर्घकाळ राहून निरीक्षण केले आणि २०१५ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. दोन्हीकडची मुले खरोखर कोठे मिसळतात, हा तिचा प्रश्न. उत्तर असे आले की, ती शाळेच्या प्रसाधनगृहात मिसळतात. मधल्या सुटीत चोरून सिगारेट ओढण्यासाठी क्रोआट आणि बोस्नियाक पोरे-पोरी तेथे जमत, थट्टामस्करी करीत, एकमेकांच्या प्रेमातही पडत. घंटा झाली की आपापल्या वर्गात परत. समोर गुरुजन बसले आहेत आणि मी धूम्रपानाचा पुरस्कार करीत आहे असे कोणी समजू नये! पण साऱ्या इमारतीत ज्या खोलीवर कोणत्याही करारनाम्याने 'तुमची' किंवा 'आमची' अशी पाटी लावली नव्हती, ती हीच होती. कोट्यवधींच्या दुरुस्तीने दिलेला हा लाभ कोणत्याही अहवालात मागितलेला नव्हता. तरीही मी त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. दोन शाळा दोन तीरांवर असत्या तर ती मुले तेथेही भेटली नसती.

२००६ मध्ये त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर युनायटेड वर्ल्ड कॉलेजची शाखा सुरू झाली. देशोदेशीच्या मुलांनी एकत्र राहून शिकावे, या कुर्ट हान यांच्या विचारातून या कॉलेजांची साखळी १९६२ मध्ये वेल्समधून आरंभली. पुण्याजवळ मुळशी तालुक्यात १९९७ मध्ये उघडलेले आणि ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी रचलेले महिंद्रा कॉलेज याच कुटुंबातले. मोस्तारच्या शाखेत बोस्निया देशातील सर्व समाजांची मुले परदेशी मुलांबरोबर एका बाकावर बसतात, एकच इतिहास शिकतात, पण तो इंग्रजीतून. म्हणजे वरच्या मजल्यावर निवडक मुलांना जे लाभते ते खालच्या मजल्यावर गावच्या मुलांना लाभत नाही. हा जिना चढणे सर्वांना शक्य नाही, आणि गाव खालच्या मजल्यावरच राहते.

येथे आपल्या स्वतःकडे वळून पाहणे प्राप्त आहे. आपली ही शाळाही एका भाषिक समाजाने, परप्रांतात, आपल्या मुलांची भाषा जगावी म्हणून चालविलेली शाळा आहे. राज्यघटनेने तिसाव्या अनुच्छेदात अल्पसंख्याकांना तो हक्क दिला, आणि १९५६ च्या दुरुस्तीने आलेल्या '३५० क' या अनुच्छेदात प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे अशी सोय करण्यास सांगितले. मोस्तारचा क्रोआट पालक हेच म्हणतो : बोस्नियात आम्ही संख्येने थोडे, शाळा गेली तर आमची भाषा आणि आमची ओळख गेली. त्याचे हे म्हणणे मी हसून उडवून लावू शकत नाही; ते उडवले तर आपल्या पायांखालची फरशीही हलते. फरक शोधावयाचा तो अन्यत्र. मराठी शाळेतील मुलगा येथे गुजराती शिकतो, शेजारच्या मुलांबरोबर खेळतो, आणि देशाचा इतिहास त्याला वेगळा सांगितला जात नाही.

पण आपली पाटी अगदीच कोरी आहे असेही नाही. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा अभिमान बडोद्याने बाळगावा हे योग्यच. परंतु सयाजीराव महाराजांनी १८८० च्या दशकात अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या त्या वेगळ्या काढाव्या लागल्या, कारण इतरांची मुले त्यांच्याशेजारी बसावयास तयार नव्हती. सवर्ण हिंदू शिक्षकही तेथे जाईनात, म्हणून मुसलमान शिक्षक नेमले गेले. त्या काळी वेगळी शाळा ही दाराआड राहण्यापेक्षा एक पाऊल पुढेच होती, हे मान्य करूनही तिचे वेगळेपण विसरून चालणार नाही. मोस्तारमध्ये मुले पूर्वी एकत्र होती आणि मोठ्यांनी ती वेगळी केली, आपल्याकडे ती कधी एकत्र नव्हतीच. त्यामुळे आपल्याला परत मिळवावयाचे असे काही जुने छप्पर नव्हते.

बोस्नियात 'एका छपराखाली दोन शाळा' ही व्यवस्था मोस्तारपुरती नाही. अशा पन्नासांहून अधिक शाळा होत्या. त्यांतील बहुसंख्य मोस्तारच्या गिमनाझियाहूनही कोरड्या : वेगळी दारे, वेगळ्या पाळ्या, मध्ये कुंपण. २०१४ मध्ये तेथील फेडरेशनच्या सर्वोच्च न्यायालयाने स्तोलाच आणि चाप्ल्यिना येथील शाळांच्या प्रकरणात ही पद्धत भेदभावाची ठरविली. अंमलबजावणी मात्र रखडली.

मध्य बोस्नियातील यायत्से या छोट्या गावात याच्या उलट दिशेने एक गोष्ट घडली. तेथील माध्यमिक शाळांत दोन्ही समाजांची मुले एकत्र शिकत होती, पण क्रोआट अभ्यासक्रमाप्रमाणे. बोस्नियाक मुलांसाठी स्वतंत्र शाळा काढावयाचे २०१६ मध्ये ठरले. त्यांच्या भल्यासाठीच ही योजना आहे, असे सांगण्यात आले. विद्यार्थीच रस्त्यावर उतरले, क्रोआट आणि बोस्नियाक दोघेही. आम्हांला वेगळे करू नका, असे ते म्हणत राहिले. वर्षभर निदर्शने चालली आणि २०१७ मध्ये प्रांतिक सरकारने योजना मागे घेतली. २०१८ मध्ये त्या मुलांना अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवरील कामासाठी दिला जाणारा माक्स व्हान डेर स्टूल पुरस्कार मिळाला. त्यांच्या शाळेवर मूरिश कमानी नाहीत आणि तिच्यासाठी जागतिक निधीही आला नव्हता. रोज सकाळी ज्या वर्गात ती शेजारी शेजारी बसत होती, तो वर्ग त्यांना हवा होता, आणि तो त्यांनी राखला.